वाई-मेणवली शूटिंग स्पॉट वन डे ट्रिप: साडेतीन स्टार, दीड कापला तो स्ट्रॉबेरीमुळे

गेल्या रविवारी आईला घेऊन ही ट्रिप करून आले. ऑर्गनायझरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि पोरं नवीन आहेत बिचारी. माणशी १६५० रुपये, नाश्ता-जेवण धरून, सतरा सीटर ट्रॅव्हलर.

पिकअप स्वारगेटला साडेसहाचा. गाडी आली सव्वासातला. मग अजून वीस मिनिटं कारण सिंहगड रोडवरची एक फॅमिली "निघालोच आहोत" मोडमध्ये होती. आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाचला उठून आंघोळी उरकून आलो ते आम्हीच शहाणे." शेवटची सीट घेऊ नका, तिथे एसी पोचत नाही आणि खंबाटकी चढताना सकाळची मिसळ वर यायला लागते.

गाईड मात्र एक नंबर. साताऱ्याकडचा पोरगा, पंचविशीतला, माईक न घेता बोलतो. खेड शिवापूरचा टोल गेल्यावर त्याने सुरुवात केली, गंगाजल २००३, स्वदेस २००४, ओंकारा २००६, दबंग २०१०, चेन्नई एक्सप्रेस २०१३, आणि म्हणाला की या पाचही पिक्चरमध्ये वाई आहे पण एकातही वाई वाई म्हणून नाहीये. कधी बिहार, कधी यूपी, चेन्नई एक्सप्रेसमध्ये तर सरळ तामिळनाडू. का, तर नदीला लागून दगडी घाट आणि घाटावरच देवळं असं एका फ्रेममध्ये बसणारं गाव मुंबईपासून पाच-सहा तासांवर सहज मिळत नाही, युनिटला राहायला वर पाचगणीची हॉटेलं आहेत, आणि गावातल्या लोकांना आता या कामाची इतकी सवय झालीय की गर्दीत उभं राहायला सांगितलं तर कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

आधी ढोल्या गणपती. मूर्ती एवढी मोठी की दारातून आत पाऊल टाकलं की समोर फक्त पोटच दिसतं. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, रास्ते म्हणजे आपल्या रास्ता पेठेचे, नानासाहेब पेशव्यांच्या गोपिकाबाईंचं माहेर. गाईडने सगळ्यांना देवळाच्या मागच्या बाजूला नेलं हे मला फार आवडलं, कारण खरी गंमत तिथे आहे. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. समोर दर्शनाला एवढी रांग आणि मागे आम्ही सतरा जण सोडून काळं कुत्रं नव्हतं.

घाटावर एक भाग दोरी लावून बंद. शूटिंग चालू! शूटिंग स्पॉट बघायला आलेल्या लोकांना शूटिंगमुळे स्पॉट बघता येईना. कुठलीतरी हिंदी सिरीयल असावी, एका ओवरीवर हिंदीत "पुलिस चौकी, रामपुर" असा बोर्ड ठोकलेला आणि खाली एक आजी नेहमीसारख्या वाती विकत बसलेल्या. आई चष्मा वर करून बोर्ड वाचत होती, वाचता वाचता शेजारच्या खांबाला हात टेकला तर खांबच हलला. प्लायवूडचा! एक पोरगा ओरडत आला, "काकू टेकू नका, रंग ओला आहे!" तोवर पदराला वीतभर गेरू लागला होता. त्याने बिचाऱ्याने रॉकेलचा बोळा आणून दिला, आईने तो नाकाशी धरून परत केला.

आई रिटायर्ड मराठीची बाई. तिने गाईडला विचारलं, मराठी विश्वकोशाचं ऑफिस इथेच ना रे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं? पोरगा कावराबावरा. बाकी सगळं पाठ होतं त्याचं, हे नव्हतं. ज्या गावात तर्कतीर्थांनी बसून विश्वकोश केला तिथे सलमान कुठे उभा होता हे सगळ्यांना ठाऊक, असं आई जेवताना दोनदा म्हणाली. जेवण झकास होतं तो भाग वेगळा, एका घराच्या पडवीत पंगत, पिठलं, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा असा की सिंहगड रोड फॅमिलीतला मुलगा पाणी पाणी करत अंगणात पळाला. हळद पण तिथूनच घ्या, वाईची हळद काय असते ते भाजीत टाकल्यावर कळतं.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर, आणि पैसे वसूल होतात ते इथेच. नाना फडणवीसांचा वाडा, १७८० च्या सुमाराचा, सहा चौकांचा. पुण्यात शनिवारवाड्यापाशी नानावाडा आपण रोज हॉर्न मारत ओलांडतो, त्याच माणसाचा हा नदीकाठचा वाडा. वर नानांचा पलंग आणि भिंतीवर पुसट झालेली चित्रं आहेत, ती मोबाईलच्या टॉर्चने बघत बसू नका, खिडकी उघडी असेल तिथून उजेड येतो तेवढा बास. पेशवाईच्या कारभाराच्या कागदांचं मेणवली दप्तर म्हणतात ते याच वाड्यातलं. तिकीट वेगळं, ट्रिपच्या पैशात धरलेलं नाही, आणि हे दारात पोचल्यावर सांगतात. रक्कम किरकोळ आहे हो, पण सुट्टे आधी सांगा ना.

वाड्यामागून पायऱ्या उतरल्या की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. इथे गाईडने पिशवीतून लॅमिनेट केलेले स्वदेसमधले फोटो काढले. एकेकाला पायरीवर नेऊन उभं करायचा, "ताई, अजून अर्धं पाऊल डावीकडे, हां," आणि फोटो डोळ्यासमोर धरून हळूच खाली घ्यायचा. कागदावरचं चरणपूर, म्हणजे पिक्चरमधलं गाव, सरकून खाली जातं आणि मागून तीच पायरी, तोच कठडा, तेच पाणी वर येतं. मग म्हणायचा, "आता मागं वळा." मागे विजेचा खांब, त्याला बांधलेली म्हैस आणि वाळत घातलेली गोधडी, म्हणजे कॅमेऱ्याने जे टाळलं ते सगळं. हा खेळ मी तीनदा खेळले. आईला शाहरुखशी देणंघेणं नाही पण तिनेही दोनदा खेळला.

घाटावर छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलीय, जवळ जाऊन बघितल्याशिवाय लक्षात येत नाही की तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल आहे १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई पोर्तुगीजांकडून घेतली तेव्हाच्या लुटीतली. मी त्या मेरीवरून बोट फिरवतेय तोवर "चला चला गाडी निघाली" सुरू झालं. घड्याळात बघितलं, वाडा आणि घाट मिळून पंचावन्न मिनिटं.

आणि घाई कशाची होती? तर स्ट्रॉबेरी क्रीमची. पसरणी घाट चढून वर पाचगणीच्या बाजूला एका दुकानात सव्वा तास! ओळीने दहा गाड्या उभ्या, आत जॅम, सिरप, क्रश, पुन्हा जॅम. ड्रायव्हरला तिथे चहा-वडापाव फुकट मिळाला हे मी डोळ्यांनी बघितलं, त्यामुळे सव्वा तास का ते विचारायची गरज पडली नाही. तोच वेळ मेणवलीत दिला असता तर मी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते.

परत स्वारगेटला रात्री नऊ. बुक करणार असाल तर फोनवरच दोन गोष्टी ठरवून घ्या, मेणवलीत दोन तास पाहिजेत आणि तोच साताऱ्याचा गाईड पाहिजे. पदराचा गेरू तीन धुण्यांत गेला नाहीये, आई येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवते, हे बघा, रामपूर पोलीस चौकीचा रंग.