घरच्या सीएनसी लेथवर अकरा महिने: ऐरोलीतला अनुभव

ऐरोलीच्या आमच्या रो-हाउसमध्ये तळमजल्याला दहा बाय बाराची एक खोली आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिथे हा सीएनसी लेथ आला, म्हणजे धातूचा बार फिरवून कापणारं, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन. टेबलावर मावणारा, 180 मिमी स्विंगचा (एवढ्या व्यासापर्यंतचा बार त्यात फिरतो), दोन सेंटरमध्ये 350 मिमी जागा असलेला. एका किटवाल्याने त्याला बॉल स्क्रू (टूल सरकवणारे आट्यांचे दांडे), नेमा 23 स्टेपर मोटरी (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या) आणि त्या मोटरी चालवणारे डीएम542 ड्रायव्हर बसवून दिले. कॉम्प्युटर माझाच, जुना, पॅरलल पोर्टवाला; त्यावर लिनक्स सीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. सगळं धरून सव्वादोन लाख गेले. माझे बाबा चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, त्यामुळे घरात लेथ येणार म्हटल्यावर कोणाला समजवावं लागलं नाही. हँडल नसलेला लेथ मात्र त्यांना सुरुवातीला पटला नव्हता.

पहिला महिना बरा गेला. अ‍ॅल्युमिनियम सुंदर निघतं, त्यासाठी सीसीजीटी इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलता येणारी पाती) घ्या, धारदार असतात. ईएन1ए स्टील तर लोण्यासारखं कापलं जातं. ईएन8 या कडक स्टीलवर दमाने घ्यावं लागतं, व्यासात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त कट दिला की लहान बेड (लेथचा पाया) थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. तो या आकाराचाच स्वभाव आहे, त्यावर उपाय शोधण्यात वेळ घालवू नका. नव्याने शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट: प्रोग्राममध्ये जी7 लिहिलं की X, म्हणजे टूलचं आत-बाहेर सरकणं, व्यासात मोजलं जातं, जी8 लिहिलं की त्रिज्येत. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत यातलं एक लिहायची सवय लावा. दोन्हींत गल्लत झाली तर टूल दुप्पट आत घुसतं.

आता ज्या बिघाडाने माझे तीन आठवडे खाल्ले, त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण असा लेथ घेणाऱ्या कोणालाही तो भेटू शकतो.

ओळखीच्या एका बचत गटाच्या पापड मशीनसाठी 24 पिना करायच्या होत्या. 16 मिमीच्या ईएन1ए बारचे तुकडे आधीच कापून ठेवले होते. आठ रफ पास (टूल एकदा कापत गेलं की एक पास), एक फिनिश पास, व्यास 12.00. पहिली पिन मायक्रोमीटरवर बरोबर 12.00 आली. दुसरी 12.09. तिसरी 12.18. मी इन्सर्ट फिरवला, X पुन्हा शून्य केला. पुन्हा तेच: 12.00, 12.09, 12.18. स्लाइडमधली ढिलाई काढणारी गिब पट्टी घट्ट केली, टूल पोस्टचे बोल्ट आवळले, मशीन अर्धा तास रिकामं फिरवून गरम करून घेतलं. काही फरक नाही.

बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "अरे, मापं लिहून ठेवलीस का?" मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. "टूल झिजलं तर जॉब वाढतो, खरं आहे. पण असं मोजून-मापून नाही वाढत. आज एक पॉइंट, उद्या चार. हे प्रत्येक वेळी नऊच कसं?"

नऊ पास, नऊ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग). म्हणजे दर पासमागे व्यासात 0.01 मिमी. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं.

मग बार काढून टाकला. मॅग्नेटिक बेसवर डायल गेज लावलं, टोक क्रॉस स्लाइडला टेकवलं आणि छोटा प्रोग्राम लिहिला: X पाच मिलिमीटर आत, पाच बाहेर, शंभर वेळा. कापणं काहीच नाही. शंभर फेऱ्यांनंतर काटा मूळ जागी यायला हवा होता, तो अर्धा फेरा फिरून 50 वर थांबला. अर्धा मिलिमीटर. दोनशे फेऱ्या केल्या, पूर्ण एक मिलिमीटर. वेग चौथाई केला, तरी तेवढंच.

इथून पुढे हिशेब सोपा झाला. बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिलाई, असता तर तो साचला नसता, दर फेरीला तेवढाच राहिला असता. मोटर दमून स्टेप सुटत असत्या तर वेग कमी केल्यावर फरक पडला असता, आणि आकडा इतका नेटका आला नसता. माझा X चा स्क्रू 4 मिमी लीडचा (एका फेऱ्यात तेवढं सरकवणारा), ड्रायव्हरवर एका फेऱ्याला 1600 पल्स (एक पल्स म्हणजे मोटरचं एक पाऊल), म्हणजे मिलिमीटरला 400 पल्स. एक पल्स 0.0025 मिमी. दर फेरीला सरकत होतं 0.005, व्यासात त्याचंच 0.01 होतं. बरोबर दोन पल्स! दिशा बदलताना एक पल्स उलट्या दिशेने मोजला गेला, की पुढे जायचं ते एक गेलं नाही आणि मागे एक आलं, असा दोनाचा फरक पडतो.

ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या निदान 5 मायक्रोसेकंद आधी मिळावा लागतो. आमच्या सेटिंगमध्ये तेवढी वेळ दिलेली होती. मग झाकण उघडून तारा बघितल्या. झेडच्या, म्हणजे टूल बारच्या लांबीने सरकवणाऱ्या मोटरच्या, ड्रायव्हरला प्लसची तार कॉमन होती आणि X च्या ड्रायव्हरला मायनसची. किटवाल्याकडून एकच ड्रायव्हर उलटा जोडला गेला होता. मोटर फिरत होती, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. पण ड्रायव्हर पल्सच्या ज्या कडेवर पाऊल टाकतो, ती कड उलटली होती. पल्स संपताना पाऊल पडायचं आणि नेमकी तेव्हाच दिशा बदलत असायची. ड्रायव्हरच्या आतला ऑप्टो (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) चालू लवकर होतो, बंद व्हायला वेळ घेतो, म्हणून चूक एकाच दिशेने साचत होती.

उपाय एका टिकचा: लिनक्स सीएनसीच्या स्टेपकॉन्फ या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये X च्या स्टेप पिनसमोर इन्व्हर्ट. पुन्हा शंभर फेऱ्या केल्या आणि काटा शून्यावर येऊन थांबला. बाबांनी स्वतः वाकून तो बघितला, मग म्हणाले, "आता पाचशे कर." पाचशेनंतरही शून्य. उरलेल्या पिना दुसऱ्या दिवशी झाल्या, सगळ्या 0.02 च्या आत.

नवीन मशीन आलं की कोणताही जॉब लावण्याआधी ही शंभर फेऱ्यांची चाचणी दोन्ही अक्षांवर करा. दहा मिनिटांचं काम आहे. डायल गेज नसेल तर मुंबईत नागदेवीच्या अवजारांच्या बाजारात जाऊन आधी तेच घ्या.

आट्यांची अडचण वेगळी होती. जी76 या कमांडने आटे पाडताना प्रत्येक पास स्पिंडलच्या (बार फिरवणाऱ्या दांड्याच्या) त्याच कोनातून सुरू व्हावा लागतो, म्हणून स्पिंडलवर कोन मोजणारा एन्कोडर असतो आणि त्याचा फेऱ्याला एकदा येणारा इंडेक्स सिग्नल. माझ्याकडे चौथ्या-पाचव्या पासला टूल भलतीकडूनच सुरू व्हायचं आणि आधीचे आटे खाऊन टाकायचं. एन्कोडरची तार मोटरच्या तारेला टेप लावून एकत्र बांधलेली होती, मोटरचा सगळा खरखराट तिच्यात उतरत होता. लॅमिंग्टन रोडवरून शील्डवाली केबल आणली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, दोन्ही तारा खोलीच्या दोन बाजूंनी नेल्या. तेव्हापासून एकही आटा फिसकटलेला नाही. आरपीएमचाही हिशेब ठेवा: एम12 आट्याला 1.75 मिमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), 400 आरपीएमला झेड मिनिटाला 700 मिमी पळतो. माझा झेड 1500 च्या वर जात नाही, म्हणून 1000 आरपीएमला तो आटा होणारच नाही.

एक धोक्याची गोष्ट. लहान लेथच्या डीसी मोटरचा वेग कॉम्प्युटरवरून बदलायचा मोह होतो, कारण बोर्डावर फक्त एक पॉट (वेगाचं फिरवायचं बटण) दिसतो आणि त्यावर पाच-दहा व्होल्ट. अशा अनेक बोर्डांत त्या पॉटच्या तारा थेट 230 व्होल्टच्या मेनशी जोडलेल्या असतात. त्या कॉम्प्युटरला सरळ जोडल्या तर कॉम्प्युटर जाईल आणि माणसाचाही जीव जाऊ शकतो. मध्ये दोन्हींना विजेने वेगळं ठेवणारं आयसोलेशनचं कार्ड हवंच, आणि हे काम इलेक्ट्रिकलचं नीट कळणाऱ्याकडून करून घ्या. चकची (बार धरणाऱ्या पकडीची) चावी चकमध्ये न ठेवण्याचा नियम इथे दुप्पट कडक पाळा. साध्या लेथवर स्पिंडल आपण चालू करतो, इथे प्रोग्राम करतो. माझी चावी स्टॉप बटणाच्या शेजारी खिळ्याला टांगलेली असते. खिळा रिकामा दिसला तर मी सायकल स्टार्टला हात लावत नाही.

पावसाळा. खाडी जवळ असल्यामुळे आमच्याकडे जूनपासून चकवर दोन दिवसांत तांबूस पुटं येत होती. खोलीत डीह्युमिडिफायर घेतला नाही, परवडला नाही. रात्री काम संपलं की बेड आणि चक पुसून 68 ग्रेडचं स्लाइडवे तेल लावतो, वर जुनी सुती चादर टाकतो. प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतं. बॉल स्क्रूवर ईएन1ए चे बारीक तुकडे बसतात, म्हणून झेडच्या स्क्रूवर पातळ पत्र्याचं आवरण केलं. हे किटसोबतच यायला हवं होतं.

ज्याला महिन्याकाठी वीस-तीस सारखे जॉब करायचे आहेत आणि ज्याला वही घेऊन बसायचा कंटाळा नाही, त्याने हा लेथ जरूर घ्यावा. एखाददुसरा बुश वर्षातून लागत असेल तर रबाळे एमआयडीसीत एखाद्या टर्नरकडे द्या, तासाभरात होऊन येतो.

पार्टिंग, म्हणजे तयार भाग बारपासून कापून वेगळा करणं, मला अजून जमलेलं नाही. 20 मिमीच्या बारवर दोन मिलिमीटरचं ब्लेड मध्यावर आलं की किंचाळायला लागतं. टूल सेंटरवर आणलं, बार चकमधून कमीत कमी बाहेर ठेवला, वेग कमी केला. निम्म्या वेळा सुटतं, निम्म्या वेळा अडकतं. तोपर्यंत शेवटचे चार मिलिमीटर स्पिंडल बंद करून, प्लग काढून, बाबा हॅकसॉने कापतात आणि मग तुकडा उलटा धरून मी त्याचं तोंड फेस, म्हणजे सपाट, करतो.