क्रँक सेन्सर: स्वतः बदलून नऊ महिने झाले

गेल्या रविवारी भर दुपारी गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढून बेळगावला माहेरी गेले. गाडीत चार माणसं, डिकीत मानकुराद आंब्यांच्या दोन पेट्या, एसी चालू. वर पोचल्यावर नेहमीच्या टपरीवर चहाला थांबलो. दहा मिनिटांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मला तेवढंच बघायचं होतं, म्हणून हे लिहायला मेपर्यंत थांबले. इंजिनचं फिरणं मोजणारा हा क्रँक सेन्सर बसवला ऑगस्टमध्ये, पण पावसात इंजिन तेवढं तापत नाही. मे महिन्यातला घाट हीच त्याची खरी परीक्षा.

गेल्या वर्षी याच दिवसांत याच टपरीसमोर गाडी रुसून बसली होती. माझी गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. चढताना एकदा झटका देऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली. चहाला थांबलो आणि मग मात्र नुसता स्टार्टर फिरत राहिला. पंचवीस मिनिटांनी काहीच झालं नाही अशी सुरू झाली. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही. पुढच्या महिन्याभरात हे चार वेळा झालं, दर वेळी इंजिन गरम असताना. गॅरेजमध्ये नेली की थंड गाडी शहाण्या मुलासारखी चालायची. शेवटी तिथे इंधनाचा पंप बदलला, ६,८०० रुपये झाले. पंप गरम होऊन बंद पडतो हे खरं आहे, त्यामुळे अंदाज अगदीच चुकीचा म्हणत नाही. पण मीटर न लावता, गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड न वाचता केलेला तो अंदाज होता आणि त्याचे पैसे मी भरले. दहाव्या दिवशी गाडी पुन्हा घाटात उभी.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. मुलांना रोज सांगते की आधी मोजा, मग बोला. तेव्हा ११५० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा काडेपेटीएवढा डबा बसतो आणि फोनवरच्या ॲपमध्ये सगळं दिसतं.

पहिल्याच दिवशी त्यात एक कोड सापडला: पी०३३५, क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट. दिवा लागला नव्हता कारण कोड अजून 'पेंडिंग', म्हणजे पक्का न झालेला, होता. हा कोड वाचून लगेच सेन्सर मागवणारे खूप जण आहेत. पण कोड 'सर्किट' म्हणतो, 'सेन्सर' म्हणत नाही. सर्किटमध्ये वायर आली, कनेक्टर आला. आमच्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन वायरी कुरतडतात, आणि दमट हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. म्हणून मी आधी घाटात गाडी बंद पडायची वाट पाहिली. पडली. मग दोन गोष्टी केल्या. चावी नुसती ऑन केली, तर मागच्या सीटखालून नव्या पंपाचा दोन सेकंद 'गुंई' आवाज आला, म्हणजे पंप चालू होता. मग नवऱ्याला स्टार्टर मारायला सांगून ॲपमध्ये आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, बघितला. इंजिन डोळ्यांदेखत फिरत होतं आणि आकडा शून्य.

तो शून्य म्हणजेच निदान. पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्याबरोबर फिरणारी एक दातेरी चकती असते. माझ्या गाडीत ६० दातांची जागा आहे आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले. त्या रिकाम्या जागेवरून पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतं आणि त्या हिशेबाने ठिणगी आणि पेट्रोल सोडलं जातं. दात मोजणारा हा सेन्सर गप्प बसला की ईसीयू दोन्ही थांबवतो. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा सेन्सर गेला तर बऱ्याच गाड्या कशाबशा चालतात, क्रँकचा गेला की बहुतेक उभ्याच राहतात.

आता वस्तूंबद्दल. मी दोन सेन्सर वापरले, पहिला चुकीचा.

पहिला ऑनलाइन घेतला, ६९० रुपये, कंपनीचं नाव नसलेल्या प्लास्टिक पिशवीत आला. वर्णनात माझ्या गाडीचं मॉडेल होतं, फोटोही सारखा होता. बसवला, गाडी सुरू झाली, मी खूश. चौथ्या दिवसापासून सकाळी तीन-चारदा स्टार्टर मारावा लागायला लागला. अकराव्या दिवशी दिवा लागला आणि कोड आला पी०३३६: सिग्नल येतोय, पण बरोबर नाही. तो काढून शाळेतला व्हर्नियर कॅलिपर लावला, तर टोक जुन्यापेक्षा १.२ मिलिमीटर आखूड. ऐकायला काहीच वाटत नाही. पण माझ्या गाडीतला सेन्सर दोन वायरींचा, म्हणजे आत चुंबक आणि तारेची गुंडाळी. त्याला बाहेरून वीज लागत नाही, दात जवळून गेला की तो स्वतः छोटा व्होल्टेज तयार करतो. अंतर वाढलं की व्होल्टेज घटतो, आणि स्टार्टरवर इंजिन हळू फिरत असतं तेव्हा तर तो आधीच जेमतेम असतो. म्हणून सकाळी त्रास. हा सेन्सर मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

दुसरा मूळ कंपनीचा, म्हापशातल्या बसस्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून घेतला, २,३४० रुपये. या दुकानाबद्दल मनापासून चांगलं लिहायचं आहे. काउंटरवरच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, चेसिस नंबर आणलात?" मी म्हटलं, मॉडेल आणि साल सांगते. तो म्हणाला, "त्याच साली कंपनीने मध्येच सेन्सर बदललाय. तुम्ही नंबर द्या, मी चुकीचा माल देणार नाही." फोनवर आरसीचा फोटो होता, तो दाखवला. त्याने कॉम्प्युटरवर पार्ट नंबर काढून चिठ्ठीवर लिहिला आणि म्हणाला, तीन दिवसांत येईल. ॲडव्हान्स मागितला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. गेल्यावर माझ्यासमोर डबा उघडून ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी कडी) आहे का ते बघितलं, जुना सेन्सर शेजारी ठेवून टोकाची लांबी आणि कनेक्टरच्या खाचा जुळवून दाखवल्या. विजेचा पार्ट परत घेत नाहीत हे आधीच स्पष्ट सांगितलं, बिल पक्कं दिलं.

घरी आल्यावर बसवायच्या आधी एक प्रयोग केला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला तोच भाग सर्वांत उपयोगाचा. जेवणाच्या टेबलावर जुना सेन्सर ठेवला, त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटरच्या वायरी चिमट्यांनी लावल्या. ९०० ओहम, एकदम व्यवस्थित. गॅरेजमध्ये थंड सेन्सर तपासला असता तरी तो पासच झाला असता. मग केस वाळवायचा ड्रायर चालू करून त्याच्यावर धरला. आकडा हळूहळू चढू लागला: ९२०, ९६०, १,०००. तांबं तापलं की रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के, त्यामुळे इथपर्यंत ठीकच. १,०४० च्या पुढे आकडा थरथरला आणि एकदम पडद्यावर 'ओएल' आलं. ओएल म्हणजे तार तुटलेली. ड्रायर बंद केला, सगळे टेबलाभोवती उभे. सात-आठ मिनिटांनी मीटरवर पुन्हा ९७० उमटलं. केसाएवढ्या बारीक तारेत कुठेतरी चीर होती, गरम झाली की उघडत होती, थंड झाली की जुळत होती. घाटात गाडी थांबवल्यावर हवा लागायची बंद होते आणि बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते, म्हणून चालताना तग धरणारा सेन्सर चहाला थांबल्यावर हमखास जायचा. नवा सेन्सरही तसाच तापवला. ९०५ वरून १,०८० पर्यंत चढला आणि तिथे स्थिर राहिला. माझी खात्री पटली ती तिथे, डब्यावरचा होलोग्राम बघून नाही.

बसवणं अवघड नाही, पण सेन्सर इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी आहे, त्यामुळे खालून हात घालावा लागतो. सासरे टॉर्च धरून बसले होते. त्यांनी पंचवीस वर्षं खाणीवर टिपर चालवला, २०१२ साली खाणी थांबेपर्यंत, आणि गाडीखाली जाणाऱ्या माणसाकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. मी जॅक लावून खाली वाकले तर त्यांनी हात धरून थांबवलं. "बाय, आधी बॅटरीचा मायनस काढ. आणि स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही." शेजाऱ्यांकडून स्टँड आणला. चिरा (जांभा दगड) चाकामागे अडण म्हणून चालतो, मी तसा लावलाही, पण गाडीचा भार चिऱ्यावर कधी देऊ नका. त्यांनी खाणीवर चिरा फुटून ट्रक बसलेला पाहिला आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. इंजिन पूर्ण थंड हवं. कनेक्टरचं कुलूप दाबून काढायचं, वायर ओढून नाही. १० च्या पान्याचा एकच बोल्ट आहे, त्याला रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन लागतं. बोल्ट काढायच्या आधी सेन्सरभोवतीची लाल माती ब्रशने आणि फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ती सरळ आत पडते. ओ-रिंगमुळे सेन्सर चिकटलेला असतो, त्याला स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, धरून डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, निघतो. नव्याच्या ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइल लावायचं, हाताने पूर्ण बसेपर्यंत दाबायचं, बोल्टने ओढून बसवायचा नाही. बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचा आहे, बेताने आवळा. कनेक्टरच्या पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आमच्या हवेत हे हवंच. काही गाड्यांत नवा सेन्सर बसवल्यावर ईसीयूला तो मोठ्या स्कॅनरने शिकवावा लागतो, ते आधी विचारून घ्या. माझ्या गाडीत लागलं नाही. पहिल्यांदा मला दोन तास लागले, दुसऱ्यांदा पाऊण तास.

त्यानंतर चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला म्हापशाच्या बाजारात गेले, डिसेंबरात दोनदा बेळगाव झालं, आणि आता मे. कोड पुन्हा आला नाही, दिवा लागला नाही. सकाळची पहिली सुरुवातही पूर्वीपेक्षा झटकन होते. २,३४० रुपये सार्थकी लागले असं मी स्वच्छ म्हणते.

स्कॅनरबद्दल मात्र थोडं हातचं राखून. त्याचं काम त्याने केलं: कोड वाचले, चालू आकडे दाखवले, आणि पी०३३६ आला तेव्हा त्या क्षणाचे आकडेही साठवून ठेवले होते. पण तो सॉकेटमध्ये तसाच राहिला तर बॅटरी खातो. दिवाळीच्या सुट्टीत गाडी सहा दिवस उभी होती, स्कॅनर काढायचा राहिला आणि सातव्या दिवशी ढकलगाडी. एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा लागला तर तो काही सांगत नाही. शिवाय माझ्या डब्यावर ईएलएम३२७, आवृत्ती १.५ असं छापलंय. मूळ चिप बनवणाऱ्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, म्हणजे हा नकलेचाच माल. साध्या कामाला पुरतो, म्हणून ठेवलाय. पण कोड पुसायचं बटण त्यात फार सोपं आहे. आधी कोड आणि साठवलेले आकडे कागदावर लिहून घ्या, मगच पुसा. एकदा पुसलं की ते परत मिळत नाहीत.

म्हापशाच्या दुकानात शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. शनिवारी सकाळी जा. आरसी बरोबर ठेवा, चेसिस नंबर त्यावर असतो. आणि जुना सेन्सर काढून नेणं शक्य असेल तर तोही न्या.