लॅमिनेट केलेली पाटी

माशांच्या दुकानात साधे निऑन टेट्रा, म्हणजे निळ्या पट्टीचे छोटे मासे, चाळीस रुपयांना एक, 'क्वारंटाइन केलेले', म्हणजे रोग नाही ना हे बघायला आधी वेगळे ठेवलेले, पासष्टला. मी पासष्टवाले वीस घेतले, तेराशे रुपये मोजले आणि वर दुकानातल्या पोराला "थँक यू रे" म्हणून आलो.

डोंबिवलीच्या आमच्या घरात चार फुटी टाकी आहे, ९ वर्षं जुनी. पूर्वी तिच्यात बावीस निऑनचा थवा होता. वयोमानाने एकेक गेले आणि पाच उरले. निऑन इतके कमी झाले की घोळक्याने फिरायचं सोडून लाकडामागे दडून बसतात, टाकी रिकामीच वाटते. बाकी होते तीन क्लाउन लोच, तळाशी वावरणारे पट्टेदार मासे. त्यातला थोरला, वाघ्या, आणला तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढा होता, आता तळहाताएवढा झालेला. खाताना 'टक टक' असा आवाज करायचा, बाहेरच्या खोलीत ऐकू यायचा. आणि कुशीवर आडवा होऊन झोपायचा. पाहुणे हमखास ओरडायचे, "अहो, तुमचा मासा मेलाय!" ती या जातीची सवयच आहे.

दुकान मुंबईतलं, नाव घेत नाही. रॅकवर तीसेक टाक्या. वरच्या ओळीतल्या एका टाकीला पाटी: '१५ दिवस क्वारंटाइन पूर्ण'. आत फिकट निळं पाणी, वर निळा दिवा. "काका, हा माल पंधरा दिवस औषधात ठेवलेला आहे. डायरेक्ट सोडा, टेन्शनच नाही." नवा मासा घरी वेगळा ठेवायचा असतो, हे मला माहीत होतं. पण घर दोन खोल्यांचं, दुसरी टाकी ठेवायची कुठे? तेच काम माशामागे पंचवीस रुपयांत कुणी करून देतोय म्हटल्यावर मी हुरळलो. घरी पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली आणि पाण्यासकट ओतली. हे पाण्यासकट ओतणंही चूकच, आणि ती पूर्णपणे माझी.

चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी सकाळी वाघ्या लाकडाला अंग घासताना दिसला. टॉर्च मारला तर शेपटीवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके. व्हाइट स्पॉट. लोचचे खवले इतके बारीक की हा रोग बहुतेक वेळा आधी त्यांनाच धरतो.

दुकानात फोन केला. "तुमच्या पाण्याचा प्रॉब्लेम असणार काका. या, औषध देतो." म्हणजे रोगही त्यांच्याकडूनच आणि औषधही. १८० रुपयांची निळी बाटली दिली, मिथिलीन ब्लू. "फिल्टर चालू राहू द्या, थेट मोठ्या टाकीत घाला." घातलं. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात आणि हे औषध त्यांनाही मारतं, हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी अमोनियाची टेस्ट केली. एरवी नळीतलं पाणी पिवळं राहतं, ते गर्द हिरवं झालं. ठिपक्यांनी निम्मं काम केलं होतं, उरलेलं अमोनियाने केलं. रोज सकाळी जाळीने एक-दोन निऑन काढायचे. वीसपैकी सतरा गेले, जुन्या पाचांपैकी चार.

तणतणत पुन्हा दुकानात गेलो. दार उघडून आत शिरतोय तर पोरगा थर्माकोलची खोकी फोडत बसलेला, चिकटपट्टी ओली, नुकतीच आलेली. त्यातल्या निऑनच्या पिशव्या त्याने कापल्या आणि सरळ त्या निळ्या टाकीत रिकाम्या केल्या. पाटी तशीच लटकत होती. मी ती पहिल्यांदा नीट पाहिली: लॅमिनेट केलेली. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे, ती तारीख कुठेच नाही. आणि टाक्यांच्या मागे बघितलं तर सगळ्यांचे पाइप खाली एकाच हौदाला जोडलेले. सगळ्या रॅकचं पाणी एकच. शेजारच्या टाकीत गप्पी तळाला पडलेले, तेच पाणी 'क्वारंटाइन'मध्ये जात होतं.

"जिवंत माल आहे काका, गॅरंटी कोण देणार?"

गॅरंटी नको होती, पंधरा दिवस हवे होते. बिल काढून बघितलं: 'निऑन – २०'. क्वारंटाइनचा शब्द नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करायचा विचार केला, पण दाखवायला हातात काय? निदान त्या पाटीचा फोटो तरी काढायला हवा होता.

निळ्या पाण्याची गोम मला नंतर उमगली. व्हाइट स्पॉटचा जीव माशाच्या कातडीखाली शिरून वाढतो, तिथे औषध पोचत नाही. वाढ झाली की गळून खाली पडतो, खडीला चिकटतो आणि एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं पोहत मासा शोधत असतात, तेवढ्याच वेळात औषध त्यांना मारू शकतं. आपल्याकडच्या उकाड्यात हे सगळं चक्र आठवडाभरात फिरतं. म्हणजे औषधाच्या पाण्यात मासा दोन दिवस ठेवला तर तो बरा होत नाही, फक्त रोग चढत नाही. ठिपके कल्ल्यांत असतील तर बाहेरून दिसतही नाहीत, आणि निळ्या दिव्याखाली पांढरा ठिपका दिसणार कसा? मासा गिऱ्हाइकाच्या घरी साध्या पाण्यात गेला की मग फुटतं. तोवर पैसे गल्ल्यात.

वाघ्याचं सांगतो. नवव्या रात्री तो कोपऱ्यात कुशीवर आडवा दिसला. मी मुलीला म्हटलं, झोपलाय, लाइट बंद कर. सकाळी तो तसाच होता.

उरलेले मासे हळूहळू सावरले. रोज थोडं पाणी बदललं, हीटर लावून तापमान तिसापर्यंत नेलं, औषध बंद केलं. टाकीच्या कडांचं सिलिकॉन मात्र अजून निळसर आहे, ते निघत नाही.

आता सोफ्यामागे वीस लिटरचा प्लास्टिकचा टब आहे. त्यातला स्पंज फिल्टर आधी महिनाभर मोठ्या टाकीत ठेवला, म्हणजे जिवाणू बसलेले. टबात मुद्दाम कुठलंही औषध नाही, कारण रोग असेल तर तो मला दिसायला हवा. मासे पकडायची जाळी आणि पाणी काढायचा मगही त्याचे वेगळे. मुदत चार आठवडे, कुणी काहीही सांगो. नवी वनस्पतीसुद्धा आधी बिनमाशाच्या बादलीत राहते, कारण ती खडीला चिकटणारी अवस्था पानांवरूनही येते. दुकानात आता मी आधी टाक्यांच्या मागे वाकून पाइप बघतो, मग दुकानदाराला माझ्यासमोर माशांना खायला घालायला सांगतो.

सध्या टबात बारा निऑन आहेत, चाळीसवाले. आज अकरावा दिवस. एकाच्या अंगावरची निळी पट्टी मध्येच फिकट वाटतेय. निऑनचा स्वतःचा एक रोग असाच सुरू होतो आणि त्याला औषध नाही. बायको म्हणते, लाइटमुळे वाटत असेल. त्याला वेगळ्या बरणीत काढलाय.