मिश्र वसतिगृह की आपल्या माणसांचा फ्लॅट?

भाचीला दिल्लीच्या जेएनयूत प्रवेश मिळालाय. आता प्रश्न असा, की वसतिगृहात वाट्याला येईल ती, कुठल्याही प्रांतातली रूममेट स्वीकारायची की जवळच्याच मुनिरक्यात मराठी मुलींबरोबर फ्लॅट घ्यायचा?

खर्चात वसतिगृह कितीतरी स्वस्त, तिथे वादच नाही.

मनाचं बघू. सुरुवातीला आपल्या माणसांचा आधार मोठा. तापात मऊ भात करून देणारं, आपल्या भाषेत रडू देणारं कुणीतरी लागतंच. मिश्र खोलीत अवघडायला होतं. अमेरिकेत शूक आणि फेझिओ या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या अभ्यासात कृष्णवर्णीय रूममेट मिळालेले गोरे विद्यार्थी सहवासाबद्दल कमी समाधानी होते; पण सत्र सरता सरता त्यांची धास्ती आणि मनातले पूर्वग्रह कमी झाले.

अर्थात नुसत्या शेजाराने भागत नाही. मुनिरक्यात ईशान्येकडची कितीतरी मुलं राहतात, तरी टोमणे ऐकतात. सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायला काय लागतं, त्याच्या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच सांगितल्या होत्या: बरोबरीचं स्थान, समान ध्येय, सहकार्य, संस्थेचं पाठबळ. वसतिगृहात शुल्क सारखं, मेस एक, वर वॉर्डन. मणिपुरी मुलीच्या इरोम्बाच्या (आंबवलेले मासे घातलेल्या पदार्थाच्या) वासावरून कुणी तिला हिणवलं, तर दाद मागायला जागा असते. घरमालकाकडे ती नसते.

आधीच नैराश्याचा त्रास असेल, तर फ्लॅट बरा. मिसळणं वर्गात, ग्रंथालयात करावं. थोडं अवघडलेपण सोसवणारीने वसतिगृहच घ्यावं आणि रविवारी मराठी मैत्रिणींकडे पिठलं-भाकरीला जावं. भाचीला मी हेच सांगितलंय.