शांत स्वभावाला बुद्धीचे प्रशस्तिपत्र देणारी ऑनलाइन चाचणी: एक परीक्षण

किशोरवयीन मुलांच्या समुपदेशनाच्या कामात स्वभाव ओळखण्याच्या ऑनलाइन चाचण्यांचे अहवाल माझ्यासमोर सतत येत असतात. त्यांपैकी एका चाचणीचे हे परीक्षण आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याच्या चाचण्या अनेक आहेत आणि माझा मुख्य आक्षेप त्या सगळ्यांना कमी-अधिक प्रमाणात लागू होतो. चाचणी भरायला मोफत आहे. निकालाचे पहिले दोन भाग लगेच दिसतात आणि 'बौद्धिक सामर्थ्य' नावाचा तिसरा भाग सविस्तर अहवालासोबत पैसे भरल्यावर मिळतो.

आधी जमेची बाजू सांगते, कारण ती खरोखर आहे. उत्तरे 'होय' किंवा 'नाही' अशी द्यावी लागत नाहीत, तर पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत पाच पायऱ्यांवर देता येतात. वेळेची मर्यादा नसल्यामुळे संकोची मूलही सावकाश विचार करून उत्तर देऊ शकते. निकालात अंतर्मुखता आणि बहिर्मुखता या दोन वेगळ्या पेट्या न करता एकाच पट्टीवर माणूस कुठे आहे हे दाखवले जाते. हे योग्यच आहे, कारण प्रत्यक्षात बहुसंख्य माणसे या पट्टीच्या मध्याजवळच असतात. दुसऱ्या भागात तर एक फार महत्त्वाचा भेद केला आहे: लोकांत मिसळावेसे वाटते पण भीती वाटते, अशी व्यक्ती बुजरी, आणि एकटे राहण्यातच समाधान मिळते, अशी व्यक्ती एकांतप्रिय. चीक आणि बस या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला होता, तरीही पालक आणि शिक्षक आजही सर्रास दोन्ही मुलांना 'मुखदुर्बळ' म्हणून मोकळे होतात. या दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी असते आणि या चाचणीमुळे तो विषय घरात निघतो, एवढ्यासाठीही मी तिची ऋणी आहे.

तिसऱ्या भागाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. शांत स्वभावाचा गुणांक जास्त आला की अहवाल त्या व्यक्तीला 'गहन विचारवंत' ठरवतो आणि अशा व्यक्ती बहुधा सरासरीपेक्षा अधिक बुद्धिमान असतात, असे सांगतो. संपूर्ण चाचणीत बुद्धी मोजणारा एकही प्रश्न नाही. मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मापनश्रेणीसारख्या बुद्धिमापनात शब्दसंग्रह, अंकांची स्मृती, ठोकळ्यांच्या रचना, वेग अशा कितीतरी गोष्टी प्रशिक्षित व्यक्ती समोरासमोर बसून तपासते आणि 100 सरासरी व 15 प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात याचे माप) असलेल्या पट्टीवर निकाल देते. येथे आपण स्वतःला कसे समजतो एवढेच विचारले जाते, आणि त्यावरून बुद्धीचा निर्वाळा दिला जातो.

उपलब्ध संशोधन या दाव्याला आधार देत नाही. अ‍ॅकरमन आणि हेगेस्टॅड यांनी 1997 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बहिर्मुखता आणि सर्वसाधारण बुद्धी यांच्यातील सहसंबंध (दोन गोष्टी किती प्रमाणात बरोबरीने कमी-जास्त होतात याचे माप; 0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) शून्याच्या जवळ आढळला, आणि जो किंचित होता तो बहिर्मुखांच्या बाजूने झुकणारा होता. स्वभावाच्या पाच प्रमुख घटकांपैकी बुद्धीशी लक्षणीय नाते दिसते ते नव्या अनुभवांविषयीच्या मोकळेपणाचे. तो सहसंबंध साधारण 0.3 च्या आसपास येतो. म्हणजे कुतूहल, कल्पनाशक्ती आणि विचारांत रमण्याची आवड यांचा बुद्धीशी काही संबंध आहे, पण माणूस बोलका आहे की अबोल, याचा जवळजवळ नाही.

मग अहवालाला तो संबंध दिसतो कुठून? याचे उत्तर प्रश्नांच्या शब्दरचनेत आहे. 'गटात बोलण्याआधी मी विषयाचा सखोल विचार करते' या विधानाशी सहमत होणाऱ्याला शांतपणाचा गुण मिळतो. वास्तविक यात दोन विधाने आहेत, एक कमी बोलण्याचे आणि दुसरे सखोल विचाराचे, आणि भरपूर बोलणाऱ्या पण तितकाच विचार करणाऱ्या मुलीने यावर काय उत्तर द्यावे हे कळत नाही. 'गप्पांपेक्षा मला पुस्तके जवळची वाटतात' हे विधानही असेच आहे. वाचनाची आवड हा मोकळेपणाचा भाग आहे, तो अंतर्मुखतेच्या खात्यात जमा केला आहे. प्रश्नांमध्येच जे मिसळून ठेवले, तेच अहवालात शोध म्हणून बाहेर येते.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांचे उदाहरण अशा चर्चेत नेहमी दिले जाते. ते इतके मितभाषी होते की केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी तासाला एक शब्द या वेगाला गमतीने 'डिरॅक' हे एकक ठरवले होते. 1933 चा नोबेल पुरस्कारही प्रसिद्धीच्या भीतीने नाकारावा, असे त्यांच्या मनात आले होते. पण त्याच काळातील गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना मेजवान्यांची विलक्षण हौस होती आणि गोंगाटातही त्यांचे गणित चाले. या दोघांमधून शांतपणा आणि बुद्धी यांचा कोणताही नियम निघत नाही. आपल्याकडे 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण असल्यामुळे डिरॅक यांचेच उदाहरण मनात ठसते, एवढेच.

हा अहवाल लोकांना पटतो आणि त्यामागे एक खरी वेदनाही आहे. गटचर्चेत ठामपणे बोलणारी माणसे प्रत्यक्षात असतात त्यापेक्षा अधिक सक्षम समजली जातात, हे अँडरसन आणि किल्डफ यांनी 2009 मध्ये दाखवले आहे. वर्षानुवर्षे वर्गात मागे पडलेल्या अबोल मुलाला 'तू खरे तर अधिक बुद्धिमान आहेस' हे वाक्य न्याय मिळाल्यासारखे वाटते, यात नवल नाही. शिवाय बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला, तेव्हा त्यांनी तो स्वतःला किती लागू पडतो यासाठी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले होते. गौरवाचे मोघम वर्णन कोणालाही आपलेच वाटते.

तरीही हा न्याय खोटा आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात. भौतिकशास्त्र मनापासून आवडणारी एक बोलकी मुलगी हा अहवाल घेऊन माझ्याकडे आली होती, त्यात तिला 'माणसांत रमणारी, सखोल अभ्यासापेक्षा संवादाकडे ओढा असलेली' म्हटले होते आणि तिने विचारले, "मॅडम, मी विषय बदलू का?" दुसरीकडे, समजत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मुलाच्या पालकांना हाच अहवाल निर्धास्त करतो आणि वेळेवर मिळायला हवी ती मदत लांबणीवर पडते. या दुसऱ्या प्रकाराची मला अधिक काळजी वाटते, कारण अशा मुलाची तक्रार कोणाच्या कानावर येतच नाही.

याच जागेत उपयोगाचे काही सांगता आले असते. फर्नहॅम आणि ब्रॅडली यांच्या 1997 च्या प्रयोगात पार्श्वभूमीला संगीत सुरू असताना अंतर्मुखांच्या स्मरणावर बहिर्मुखांपेक्षा अधिक विपरीत परिणाम झाला. शांत मुलाला अभ्यासाला शांत जागा द्या, उत्तराआधी थोडा वेळ द्या, लेखी मत विचारा, असे दोन परिच्छेद त्या प्रशस्तिपत्रापेक्षा कितीतरी मोलाचे ठरले असते.

माझ्या मते पहिल्या दोन भागांसाठी ही चाचणी 5 पैकी 4 गुणांची आहे आणि तिसऱ्या भागासाठी एकही गुण देता येत नाही. शाखा निवडताना किंवा नोकरीसाठी उमेदवार निवडताना तिचा आधार घेऊ नये. मुलांकडून ती भरून घ्यायचीच असेल तर मोफत भागावर थांबावे, आणि मुलाला विषय किती समजतो ही शंका असेल तर त्यासाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून स्वतंत्र बुद्धिमापन करून घ्यावे.