स्थलांतर खटल्यासाठी सेवाभावी संस्थेची मदत: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

ह्यूस्टनमध्ये आमच्या इमारतीत राहणाऱ्या ग्वाटेमालाच्या एका कुटुंबाबरोबर मी गेले अकरा महिने एका सेवाभावी कायदा-साहाय्य संस्थेत जात आहे. पुण्यात शिकलेल्या स्पॅनिशच्या आधारावर मी त्यांना कागद वाचून दाखवते आणि तारखांना सोबत करते. खटला मात्र संस्थाच चालवते. शेजाऱ्यासाठी किंवा कामावरच्या सोबत्यासाठी अशी मदत शोधण्याची वेळ इथल्या कोणत्याही मराठी घरावर येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

स्थलांतर न्यायालयात वकील देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण त्याचा खर्च सरकार करत नाही. फौजदारी खटल्यात ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. इथे समोर सरकारचा वकील उभा असतो आणि आश्रय मागणारी आई मुलाला कडेवर घेऊन एकटीच बोलत असते. या पोकळीतच ‘नोतारिओ’ची दुकाने चालतात. लॅटिन अमेरिकेत नोतारिओ हा कायद्याचे शिक्षण घेतलेला, मान्यवर माणूस असतो. अमेरिकेतला नोटरी फक्त सहीची खातरजमा करतो. आपल्याकडेही नोटरी होण्यासाठी सहसा दहा वर्षांची वकिली लागते, त्यामुळे या कुटुंबाची गफलत कशी झाली हे मला लगेच उमगले. त्यांनी अशाच एका दुकानात आठशे डॉलर भरले होते. तिथे लिहिलेल्या अर्जातली हकीकत त्यांची नव्हतीच, आणि अर्ज दुसऱ्याने तयार केला असल्यास त्याने नाव लिहून सही करायची जी जागा असते, ती कोरी होती. अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाच्या आत आश्रयाचा अर्ज दाखल करावा लागतो. ती मुदत त्यांनी पाळलेली होती, एवढाच दिलासा.

संस्थेत पहिली भेट मिळायला सात आठवडे लागले. ज्याची पेशी जवळ आहे त्याला सात आठवडे फार जड जातात, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. भेटीत मात्र पहिल्या तासाभरात त्यांनी जे सांगितले, ते आधीच्या दुकानात कोणी वर्षभरात सांगितले नव्हते: अर्जातल्या कोणत्या गोष्टी खोट्या ठरू शकतात, त्या आताच दुरुस्त का करायला हव्यात, आणि निकालाची हमी कोणीही देऊ शकत नाही. करार स्पॅनिशमध्ये होता. पहिल्या न्यायालयातली सुनावणी त्यात धरलेली होती, अपील धरलेले नव्हते, आणि ते वेगळ्या ओळीत लिहिलेले होते. समोरची व्यक्ती वकील नसून न्याय विभागाने मान्यता दिलेली प्रतिनिधी आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितले. अशा प्रतिनिधींपैकी ज्यांना पूर्ण मान्यता आहे तेच न्यायालयात उभे राहू शकतात. बाकीच्यांना केवळ स्थलांतर विभागापुढचे काम करता येते. न्याय विभागाची यादी सर्वांसाठी खुली आहे. पैसे देण्यापूर्वी ती जरूर पाहावी.

मला या संस्थेबद्दल सर्वाधिक आदर वाटला तो निवेदन लिहिण्याच्या पद्धतीमुळे. चार बैठकांत लिहिलेले निवेदन सही करण्यापूर्वी त्यांनी ओळीओळीने स्पॅनिशमध्ये वाचून दाखवले, आणि त्यात दोन चुका सापडल्या. धमकी ८ मार्चला आली होती. स्पॅनिश कागदावर दिवस आधी आणि महिना नंतर असतो, इंग्रजी अर्जात तीच तारीख ३ ऑगस्ट झाली होती. दुसरी चूक आडनावाची: वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असताना एका कागदावर पहिले आडनाव मधले नाव म्हणून नोंदले गेले होते. मधल्या जागी वडिलांचे नाव लावणाऱ्या मराठी माणसाला हा घोळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशी विसंगती सुनावणीत निघाली, तर माणूस खोटा बोलतो असा अर्थ काढला जाऊ शकतो.

त्याच बैठकीत आजींचा प्रश्न पुढे आला. त्या माम बोलतात, ही माया कुळातली भाषा आहे, आणि त्यांना स्पॅनिश जेमतेम समजते. तोपर्यंत बारा वर्षांची नात दुभाषी झाली होती. आजींवर काय गुदरले ते त्या मुलीच्या तोंडून ऐकवले जाऊ नये, म्हणून प्रतिनिधीने बैठक तिथेच थांबवली आणि पुढच्या वेळी माम जाणणारा दुभाषी फोनवर उपलब्ध केला. त्या दिवशी आजी प्रथमच सलग बोलल्या. स्पॅनिशमध्ये मदत मिळते एवढ्यावर समाधान न मानता घरातली प्रत्येक व्यक्ती नेमकी कोणती भाषा बोलते, हे आधीच विचारणारी संस्था निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तक्रारीही आहेत. फोनला उत्तर यायला तीन-चार दिवस लागतात. सहाव्या महिन्यात प्रतिनिधी बदलली आणि अत्यंत क्लेशकारक हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. आधीच्या नोंदी पूर्ण असत्या तर हे टळले असते. घर बदलल्यावर नवा पत्ता पाच दिवसांत न्यायालयाला आणि शिवाय स्थलांतर विभागाला स्वतंत्रपणे कळवायचा असतो, हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून दिले होते. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि माणूस तारखेला आला नाही, तर त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो.

दुरुस्त केलेला अर्ज, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह जन्मदाखले आणि आजींसाठी माम दुभाष्याची मागणी, हे सारे आता न्यायालयात दाखल आहे. मुख्य सुनावणी अजून व्हायची आहे, आणि हे कुटुंब त्याच संस्थेबरोबर पुढे जाणार आहे.