दोन मोकळे काउंटर, इंटरप्ट शून्य: व्हिजनफाइव्ह २ वर पर्फ वापरल्यानंतर

व्हिजनफाइव्ह २ या रिस्क-फाइव्ह बोर्डावर लिनक्स कर्नल ६.६ किंवा त्यापुढे नेला की ज्या प्रोग्रॅममध्ये आरडीसायकल ही (कोरच्या सायकल्सची मोजणी वाचणारी) इन्स्ट्रक्शन थेट लिहिलेली आहे, तो पहिल्याच फटक्यात 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत मरतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये याच बोर्डावर चालणारा, लेथच्या स्पिंडलची कंपनं मोजणारा डबा असाच गप्प झाला, म्हणून हे आत्ता लिहितोय. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: 'इमेज परत टाका.' टाकून काही होत नाही, कारण बिघडलेलं काही नाहीच.

झालंय इतकंच की ६.६ पासून युजर प्रोग्रॅमला सायकल आणि इन्स्ट्रेट (पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन्सची मोजणी) ही रजिस्टर थेट वाचायची मुभा मुळात बंद आहे. पर्फ हे लिनक्सचं कामगिरी मोजायचं साधन. प्रोक-सिस-कर्नलखाली पर्फ युजर अ‍ॅक्सेस नावाची फाइल आहे, तिच्यात आता १ असतो. म्हणजे पर्फ इव्हेंट उघडा, एममॅप करा (म्हणजे आपल्या मेमरीत जोडून घ्या), मग वाचा. २ लिहिलं की जुनी सवलत परत मिळते, तीही या दोनच रजिस्टरांपुरती. ० म्हणजे पूर्ण बंद. या फाइलमध्ये २ टाकला की डबा लगेच चालू होतो. सुरक्षेचं कारण पटतं, पण चालत्या गाड्याला खीळ घालताना निदान बूटच्या वेळी एक ओळ छापायला काय हरकत होती? फक्त वेळ मोजायचा असेल तर आरडीटाइम (घड्याळाच्या टिक वाचणारी इन्स्ट्रक्शन) बरं. मात्र या चिपवर टाइमबेस ४ मेगाहर्ट्झचा आणि कोर १.५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे एका टिकमध्ये ३७५ सायकल्स. छोट्या लूपसाठी ते अगदीच जाडंभरडं.

आता खरी तक्रार. बूटच्या मेसेजमध्ये पीएमयूच्या (कोरमधल्या मोजणी-काउंटरांच्या घटकाच्या) तीन ओळी येतात: एसबीआय (कर्नल आणि फर्मवेअरमधला ठरलेला इंटरफेस) पीएमयू एक्स्टेन्शन उपलब्ध आहे, १६ फर्मवेअर आणि ४ हार्डवेअर काउंटर आहेत, आणि एसएसकॉफ (काउंटर ओसंडल्यावर इंटरप्ट देणारं) एक्स्टेन्शन नसल्याने सॅम्पलिंग आणि फिल्टरिंग चालणार नाही. पहिल्या दोन ओळी वाचून माणूस खूश होतो. तिसरी ओळ पुढचे सगळे महिने छळते.

सॅम्पलिंगची रीत अशी: काउंटरमध्ये असा आकडा भरून ठेवायचा की ठरावीक घटनांनंतर तो ओसंडेल, ओसंडताच इंटरप्ट येईल आणि कर्नल त्या क्षणी प्रोग्रॅम कुठे होता ते टिपून ठेवेल. या चिपमधल्या यू७४ कोरचे काउंटर ओसंडतात, पण कोणाला हाक मारत नाहीत. त्यामुळे सायकल्सवर पर्फ रेकॉर्ड चालवलं की उत्तर येतं: हार्डवेअर सॅम्पलिंग करत नाही, पर्फ स्टॅट वापरून बघा. घरचा वीजमीटर युनिट दाखवतो, कोणत्या खोलीतला पंखा रात्रभर चालू होता ते सांगत नाही, तसला प्रकार. कोर २०१८ साली जाहीर झालेला आणि एसएसकॉफपीएमएफ (बूटच्या ओळीतलं एसएसकॉफ) हे एक्स्टेन्शन मंजूर झालं २०२१ मध्ये, तेव्हा दोष तरी कोणाला द्यायचा? पण टी-हेड या दुसऱ्या कंपनीच्या कोरांनी स्वतःचा वेगळा ओव्हरफ्लो इंटरप्ट दिला होता आणि ६.२ पासून कर्नल तो ओळखतोही. हे कळल्यावर राग परत वर येतो.

फिल्टरिंग, म्हणजे कर्नल किंवा युजर मोड वगळून मोजणं, नसण्याचा फटका त्याहून छुपा आहे. पर्फ इव्हेंट पॅरनॉइड (साध्या युजरला काय मोजू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) मुळात २ असतो, काही डिस्ट्रिब्युशन तो आणखी वर नेतात. साध्या युजरने पर्फ स्टॅट चालवलं की कर्नल मोजायला नकार मिळतो, मग पर्फ आपण होऊन 'फक्त युजर मोड' अशी दुसरी मागणी करतं. ड्रायव्हरला मोड वगळताच येत नाही, तो ती मागणी चुकीची ठरवून परत पाठवतो, आणि पडद्यावर दिसतं 'नॉट सपोर्टेड'. लोक इथे कर्नल पुन्हा कंपाइल करायला बसतात. गरज नसते. पॅरनॉइड १ वर आणा किंवा रूटने चालवा, आकडे येतात.

काउंटर चार म्हटले तरी सायकल आणि इन्स्ट्रेट हे दोन ठरलेले, मोकळे राहतात ३ आणि ४ क्रमांकाचे. तीन वेगळ्या घटना मागितल्या की पर्फ त्यांना पाळीपाळीने बसवतं आणि कंसात टक्केवारी दाखवतं. तो आकडा मोजलेला नसून गुणाकाराने फुगवलेला अंदाज असतो. तिन्ही एकाच गटात बांधल्या तर 'नॉट काउंटेड'. इथे काटकसरीची सोय मात्र छान आहे. यू७४ च्या इव्हेंट कोडमध्ये खालचा बाइट म्हणजे वर्ग, आठव्या बिटापासून वर घटनांचा मास्क. एकाच वर्गातल्या घटना एकत्र करून एकाच काउंटरवर बसवता येतात. ब्रँचची दिशा चुकली तर हेक्स २००१, लक्ष्य चुकलं तर ४००१. दोन्ही मिळून ६००१ द्या, दुसरा काउंटर मोकळा राहतो.

डेटा कॅशच्या मिसचा कोड हेक्स २०२, आणि त्यात एक मेख आहे: एमएमआयओ (उपकरणांची रजिस्टर मेमरीसारखी वाचणं-लिहिणं) अ‍ॅक्सेसही त्यातच मोजला जातो. एसपीआयवरचा सेन्सर सतत विचारत बसणारा ड्रायव्हर असेल तर कॅश मिस भरमसाट दिसतात, आणि मोड फिल्टर नसल्याने कर्नलमधले वगळताही येत नाहीत. आधी सेन्सर बंद करून, फाइलमध्ये साठवलेल्या डेटावर एफएफटी (कंपनांतल्या फ्रिक्वेन्सी काढणारं गणित) चालवून पाहावी. ४०९६ बिंदूंची सिंगल प्रिसिजन कॉम्प्लेक्स एफएफटी बरोबर ३२ केबी भरते, आणि एल१ डेटा कॅशही ३२ केबीचीच. ट्विडलच्या (आधीच काढून ठेवलेल्या साइन-कोसाइनच्या) तक्त्याला जागाच उरत नाही. २०४८ वर आणलं की मिस किती घसरतात ते याच काउंटरवर दिसतं. एल२ चं मात्र विचारू नका, कोरच्या पीएमयूत त्याची घटनाच नाही.

मोजण्याआधी गव्हर्नर (कोरचा वेग ठरवणारी कर्नलची सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा. नाहीतर कोर ३७५ ते १५०० मेगाहर्ट्झच्या मध्ये उड्या मारतो, मेमरीचा वेग तोच राहतो आणि एकाच मिसची किंमत दर वेळी वेगळ्या सायकल्समध्ये दिसते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याशिवाय हे करू नये, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

इथवर माझं मत 'दुसरा बोर्ड घ्या' असंच होतं. ते बदललं फर्मवेअर काउंटरांमुळे, ज्यांच्याकडे आधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यू७४ ला विषम पत्त्यावरचं ३२ बिटचं वाचन हार्डवेअरमध्ये जमत नाही. ट्रॅप येतो, ओपनएसबीआय (कर्नलच्या खाली मशीन मोडमध्ये चालणारं फर्मवेअर) एकेक बाइट वाचून काम उरकतं आणि कर्नलला पत्ताही लागत नाही. वर सायकल आणि इन्स्ट्रेट मशीन मोडमध्येही चालूच असतात, त्यामुळे फर्मवेअरच्या इन्स्ट्रक्शन्स आपल्याच खात्यावर पडतात आणि दर सायकलमागच्या इन्स्ट्रक्शन्स अगदी ठणठणीत दिसतात. प्रोग्रॅम रांगतोय आणि रिपोर्ट निरोगी! एफडब्ल्यू मिसअलाइन्ड लोड ही घटना पर्फ स्टॅटला दिली की भांडं फुटतं. आमच्याकडे सेन्सरच्या फ्रेममध्ये एका बाइटच्या हेडरनंतर ३२ बिटचा टाइमस्टँप होता आणि तो पॉइंटर कास्ट करून वाचला जात होता. तिथे मेमकॉपी लिहिली की कंपायलर सरळ बाइट लोड काढतो आणि ट्रॅप संपतात. हे महागड्या बोर्डावर शोधावंच लागलं नसतं हे खरं, पण पैसे वाचले ते वाचले.

सॅम्पलिंगची भूक थोडी भागवायची एक युक्ती आहे. सीपीयू-क्लॉक, सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स असा गट महिरपी कंसात बांधून शेवटी कोलन आणि मोठा एस लावायचा. क्लॉक पहिला हवा. सॅम्पल टायमर घेतो आणि त्या क्षणी बाकीचे दोन काउंटर फक्त वाचले जातात, म्हणून ड्रायव्हरची हरकत येत नाही. ४००० हर्ट्झला दोन सॅम्पलमध्ये ३,७५,००० सायकल्स जातात, तेव्हा कोणतं फंक्शन खातंय ते कळतं, कोणती ओळ ते नाही. टायमर हाही साधाच इंटरप्ट, त्यामुळे कर्नलने इंटरप्ट बंद ठेवलेला सगळा वेळ ते परत चालू करणाऱ्या ओळीच्या नावावर चढतो. स्पिनलॉक सोडणारं फंक्शन यादीत सगळ्यात वर दिसलं तर दचकू नका. बऱ्याच आवृत्त्यांत अशा गटाची मोजणी नंतर जन्मलेल्या थ्रेडपर्यंत पोचत नाही. तिथे पूर्ण सिस्टिमवर चालवा.

पर्फच्या काउंटरांचा सपोर्ट घालायचा कसा, तर कर्नलचं काम सर्वांत सोपं. मेन्यूकॉन्फिगमध्ये डिव्हाइस ड्रायव्हर्सखाली परफॉर्मन्स मॉनिटर सपोर्ट, त्यात रिस्क-फाइव्ह पीएमयू फ्रेमवर्क आणि एसबीआयवर आधारलेला पर्याय. हा ड्रायव्हर ५.१८ पासून आहे. लेगसी पर्याय फक्त सायकल्स आणि इन्स्ट्रक्शन्स देतो. लोक अडकतात ते डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये. कोणती घटना कोणत्या काउंटरवर बसेल हे पीएमयू नोडमध्ये लिहायचं असतं, मास्क हेक्स १८, म्हणजे बिट ३ आणि ४. पण तो नोड वाचतं ओपनएसबीआय, कर्नल नाही. आणि ओपनएसबीआयच्या हातात पडते ती एसपीएलने (यू-बूट या बूटलोडरच्या पहिल्या टप्प्याने) दिलेली, यू-बूटबरोबर बांधलेली ट्री. बूट पार्टिशनमधली डीटीबी फाइल कितीही घासूनपुसून बदला, ती ओपनएसबीआय सुरू झाल्यानंतर लोड होते. नोड यू-बूटच्या सोर्समध्ये घालून इमेज नव्याने बांधावी लागते. रॉ इव्हेंटची (थेट कोड देऊन मागितलेल्या घटनेची) परवानगी देणारी वेगळी प्रॉपर्टीही विसरू नये, नाहीतर हेक्स २०२ ला नकारच. नोड नसतानाही बूट मेसेज चार काउंटर सांगतोच, म्हणून त्या ओळीवर विसंबू नका. २०२ मागून बघा.

बांधलेली इमेज फ्लॅशसीपी या कमांडने एसपीआय फ्लॅशवर जाते. पार्टिशनचा क्रमांक आधी प्रोकमधल्या एमटीडी फाइलमध्ये पाहावा आणि जुनी इमेज काढून ठेवावी. अंबड-सातपूरकडे हे काम शनिवारी करू नका, मेंटेनन्सला लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अर्धवट लिहिलं गेलंच तर बूटची दोन्ही बटणं १ वर, ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल ६, ८, १० या पिनांवर, वेग १,१५,२०० आणि एक्समोडेमने रिकव्हरीची फाइल पाठवायची. ५ व्होल्टचा अडॅप्टर लावू नये, पिना ३.३ च्याच आहेत.